कड्याचा काठ

सह्याद्रीचा घाटमाथा कोकणच्या अंगाला एकाएकी तुटतो. देशावरून येणाऱ्यास मात्र या तुटण्याची चाहूल लागत नाही. महाबळेश्वरची झाडी, माथेरानची तांबडी वाट किंवा हरिश्चंद्रगडाचे पठार ओलांडीत तो सपाटीवरून येतो, आणि दहा पावलांच्या अंतरात पुढची जमीन संपते. देखाव्याची मोहिनी ती हीच. परंतु जेथून देखावा उत्तम दिसतो, तेथेच पायाखालची भूमी बहुधा सर्वांत कच्ची असते. आणि हा कच्चेपणा वर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीस पडत नाही.

याचे कारण त्या खडकाच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले व थिजून त्यांचा काळा पाषाण झाला. थिजताना तो आकसला आणि त्यास उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा मऊ पट्टा आढळतो. पावसाने तो आधी झिजतो, आणि वरचा कठीण थर घराच्या छज्जासारखा पुढे आलेला राहतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. ते पाणी भेगांतून शिरून माती धुऊन नेते, झाडांची मुळे पाचरीचे काम करतात, आणि केव्हातरी एखादा तुकडा उभाच्या उभा सुटतो. महाबळेश्वर व माथेरान येथे माथ्यावर जांभ्याचे आवरण आहे. जांभा दिसण्यात भक्कम, परंतु अंगाने सच्छिद्र. खालचा मऊ थर धुपला की त्याचे ढेकूळ कड्यावर नुसते टेकलेले राहते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर मुळातच आत वळलेला आहे. तेथे काठाखाली काय आहे, हे काठावरच्या मनुष्याखेरीज इतर सर्वांस दिसते! पालथे पडून खाली डोकावण्याची रीत तोल जाण्यापासून वाचविते, खडक सुटण्यापासून नव्हे.

तेव्हा कठड्याच्या आत राहावे. कठडा म्हणजे भित्र्यांची सोय नव्हे. ती जागा पाहून ठरविलेली मर्यादा होय. जेथे कठडा नाही, तेथे काठापासून निदान आपल्या उंचीच्या दुप्पट अंतर राखावे, म्हणजे अडखळले तरी अंग जमिनीवरच पडते. पावसाळ्यात गवत काठाच्या पुढेही लोंबते आणि शेवाळ दगड निसरडा करते. धुके असता तर काठ कोठे आहे हेच समजत नाही. अशा वेळी देखाव्याची आशा सोडलेली बरी.

वाऱ्याचाही विचार हवा. आर्थर सीटवर दरीत फेकलेली हलकी वस्तू वाऱ्याने पुन्हा वर येते, याची मुलांना भारी गंमत वाटते. कड्यावर आदळून वर चढणारा हा वारा सदा सारख्या जोराचा नसतो. त्यावर रेलून उभे राहणाऱ्याचा, झोत थांबताच, तोल पुढे जातो. दरीकडे पाठ करून सेल्फी घेणाऱ्याची स्थिती याहूनही वाईट, कारण त्याचे डोळे मोबाईलवर आणि पाय मागे सरकत असतात. मुलांचा हात वडीलधाऱ्यांनी धरावा. ‘सांभाळून रे’ एवढे म्हणणे पुरत नाही.

ओढे व धबधबे यांचा धोका निराळा. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणानजीक धबधब्याच्या प्रवाहात उभे असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांना पाण्याने ओढून नेले. गुडघाभर पाणीदेखील वेगात असेल तर माणसाचे पाय उचलते. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहू लागला, किंवा आवाज वाढला, की तत्काळ काठ गाठावा; सामान तेथेच राहू द्यावे.

रानात वाट चुकली असता ओढ्याच्या कडेने खाली जावे म्हणजे गाव सापडते, अशी एक समजूत आहे. मैदानी प्रदेशात ती ठीक; सह्याद्रीत घातक. येथला ओढा कोकणात उतरतो तो बहुधा उडी घेऊनच! शिवाय ज्या खडकावरून घसरत उतरता येते, त्यावर पुन्हा चढता येईलच असे नाही, आणि मनुष्य मध्येच अडकतो. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परतावे. तीही न सापडल्यास जागीच बसावे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात काळोख होतो, म्हणून विजेरी सोबत असावीच. मोबाईलला संपर्क मिळत असेल तर ११२ क्रमांकावर कळवून त्याची वीज राखून ठेवावी. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात कोणाला तरी आपली वाट व परतण्याची वेळ सांगितलेली असेल, तर शोध कोठून सुरू करावा हे गावकऱ्यांस ठाऊक असते. ओरडण्याने घसा लवकर बसतो. शिट्टीचे तीन आवाज, थोडा खंड, पुन्हा तीन, हा क्रम रात्रभर चालविता येतो.