हिवाळ्यात कुंपण आडवं करताना

इंग्लंडचा हिवाळा म्हटलं की ख्रिसमस कार्डावरचा बर्फ डोळ्यांसमोर येतो. मी राहतो त्या लेस्टरशायरमध्ये बर्फ मोजकेच दिवस पडतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल झालेला असतो. इथला खरा हिवाळा म्हणजे चिखल आणि अंधार. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. सकाळी लॅपटॉप उघडावा तर बाहेर काळोख, संध्याकाळच्या चहाला उठावं तरी काळोख. तसं लेस्टर शहर जवळ आहे आणि तिथे बेलग्रेव्ह रोडवर उंधियूही मिळतो, त्यामुळे बडोद्याच्या माणसाची थंडी उपाशी जात नाही!

पण गाव मात्र बाहेरून पाहिलं तर झोपलेलं वाटतं. चिकणमातीत गुरं सोडली तर ती रुतणार आणि गवताची मुळंही तुडवणार. शिवाय या थंडीत गवत वाढतच नाही. म्हणून गुरं गोठ्यात आणि पुढ्यात उन्हाळ्यात कापून मुरवलेला चारा. शेतात हिंडताना कोणी दिसलंच, तर ते बहुधा कुत्र्याला फिरवायला निघालेलं. आणि तरीही इथल्या शेतीतलं सगळ्यात कसबाचं एक काम नेमकं याच दिवसांत चालतं. ते म्हणजे हेज लेइंग, जिवंत कुंपण आडवं करणं.

इथली शेतं तारेने नाही, झुडपांच्या रांगांनी वेगळी केलेली असतात. मुख्य झाड हॉथॉर्न, मध्ये मध्ये ब्लॅकथॉर्न, दोन्ही काटेरी. त्यातली बरीच कुंपणं १७५० ते १८५० च्या दरम्यानची. त्या काळात संसदेने हजारो कायदे करून गावांची सामाईक जमीन आणि गायरानं खाजगी मालकीत दिली आणि मालकांनी भराभर हद्दी लावल्या. त्याआधीच्या सामाईक शेतीचे नांगराचे उंचवटे हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात अजून गवताखाली लाटांसारखे दिसतात. गरिबांच्या हातून चराई काढून घेणारी ही कुंपणं आज जपायची गोष्ट झाली आहे, हे मला जरा गमतीचं वाटतं.

मधल्या काळात ती नकोशीही झाली होती. 'कुंपणच शेत खातं' ही आपली म्हण दुसऱ्या महायुद्धानंतर इथे शब्दशः खरी मानली गेली. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी, देशाला धान्य हवं, म्हणून कुंपणं उखडायला सरकारने अनुदान दिलं. निम्म्याच्या आसपास कुंपणं तेव्हापासून नाहीशी झाली. आता १९९७ च्या नियमांमुळे ग्रामीण भागातलं जुनं कुंपण काढण्याआधी स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं आणि नवं लावायला अनुदान मिळतं.

पण कुंपण नुसतं उभं ठेवून भागत नाही. मोकळं सोडलं तर हॉथॉर्न झाडासारखा उंच वाढतो, खाली नुसती खोडं उरतात आणि मेंढ्या आरामात पलीकडे जातात. यावर उपाय असा : खोड जमिनीलगत तिरकं कापत जायचं, जवळजवळ आरपार, पण सालीची आणि ओल्या लाकडाची एक पातळ पट्टी शिल्लक ठेवायची. मग ते खोड हळूच वाकवून तिरपं निजवायचं. उतार असेल तर चढाच्या दिशेने. त्या पट्टीतून रस वर चढत राहतो, निजलेलं झाड जगतं आणि वसंतात बुंध्यातून नवे कोंब फुटतात. मध्ये हातभर अंतरावर खुंट्या ठोकायच्या आणि वर हेझलच्या लवचीक काठ्या वेणीसारख्या गुंफायच्या. आमच्याकडच्या पद्धतीचं नावच मिडलँड बुलक. धष्टपुष्ट बैलाने रेटलं तरी हलता कामा नये. हत्यार म्हणजे बिलहुक, आपल्या कोयत्याचा भाऊ.

आमच्या गावात शनिवारी एक गट हे काम करतो. सात-आठ जण, त्यातले बहुतेक निवृत्त. शिकवणारे आजोबा पंचाहत्तरीचे, जन्मभर शेतकरी. पहिल्याच दिवशी माझ्या हातात बिलहुक देऊन म्हणाले, "तोडायला सगळ्यांनाच येतं. तू थांबायला शीक." किती कापलं की थांबायचं हे आकड्यात सांगता येत नाही. खोड वाकताना करकरतं, त्या आवाजावरून कळतं. सगळं मोजून लिहायची सवय असलेल्या इंजिनिअरला हे पचायला वेळ लागतो. कसलेला माणूस दिवसात एक चेन, म्हणजे बावीस यार्ड करतो असं म्हणतात. बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीएवढं. आम्ही सगळे मिळून तेवढं करतो, आणि त्यातही चहाचे ब्रेक दोन. ब्लॅकथॉर्नचा काटा रुतला तर जखम पिकते, म्हणून चामड्याचे हातमोजे लागतातच.

सोबतीला रॉबिन असतो. उकरलेल्या मातीतल्या किड्यांसाठी तो अगदी बुटांपाशी येतो. भर हिवाळ्यातही गाणाऱ्या थोड्या पक्ष्यांपैकी हा एक, आणि याची मादीही गाते. वर फांद्यांवर रेडविंग आणि फील्डफेअर, म्हणजे कस्तुराचे भाऊबंद. आइसलंड आणि स्कँडिनेव्हियाहून ते इथे थंडी काढायला येतात आणि हॉथॉर्नच्या लाल फळांवर तुटून पडतात. पण हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या फांदीवर. ट्रॅक्टरच्या यंत्राने दरवर्षी छाटलेल्या कुंपणाला फूल नाही, मग फळही नाही. यंत्र आमचा अख्खा शनिवार काही मिनिटांत उरकतं. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? आजोबांची दोन्ही मुलं शहरात नोकरी करतात आणि त्यांचं स्वतःचं एक कुंपण वीस वर्षं कोणी आडवं केलेलं नाही.

गेल्या वर्षी गटात कॉलेजातली एक मुलगी आली. आता ती माझ्यापेक्षा सफाईने कापते आणि आजोबा तिच्याशी जास्त बोलतात. फेब्रुवारी संपला की आम्ही हत्यारं ठेवतो, कारण पक्षी घरटी बांधायला लागतात. थोडे अपवाद सोडले तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतातलं कुंपण छाटायला इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंदी आहे. आजोबांच्या कुंपणाला ऑक्टोबरमध्ये हात घालायचा, असं ठरलं आहे. तिने आत्ताच तिथे जाऊन खोडं मोजून ठेवली आहेत.