हलशी : तांब्याच्या पत्र्यांवर उरलेले गाव

लोंढ्याकडून बेळगावला येणारी रेल्वे गुंजीवरून खानापूर गाठते. माउलीदेवीमुळे गुंजीचे नाव सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण याच तालुक्यात, नंदगडच्या पलीकडे, दीड हजार वर्षांपूर्वी एक राजधानी नांदत होती, हे सांगितले की ऐकणारा पुन्हा विचारतो, 'कुठे म्हणालात?' हलशी. जुन्या लेखांतली पलाशिका. बनवासीच्या कदंब राजांचे हे दुसरे ठाणे. गोव्याच्या 'कदंबा' बसला ज्यांचे नाव मिळाले, ते गोव्याचे कदंब स्वतःला याच घराण्याचे वारस म्हणवत.

हलशीला गेलेला माणूस आधी भूवराह-नृसिंहाच्या देवळात शिरतो. दोन गाभारे समोरासमोर. मधल्या मंडपात उभे राहिले की एकीकडे पृथ्वीला उचलून धरणारा वराह आणि दुसरीकडे नृसिंह. कुणाकडे पाठ करावी, हा प्रश्न पडतो. नृसिंहाच्या देवस्थानाशी निगडित लेखात कलियुगाचे 4270 वे वर्ष दिले आहे, म्हणजे इ. स. 1169. शकाऐवजी कलिवर्ष मोजणे ही गोव्याच्या कदंबांची खास रीत. तेव्हा शिवचित्त पेर्माडी राज्य करत होता. त्याची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगावला कमलनारायणाचे देऊळ उभारले. ते घडवणाऱ्या तिप्पोज या स्थपतीचे नावही लेखाने जपले आहे. कारागिराचे नाव उरणे ही मोठीच गोष्ट.

हलशीत सुवर्णेश्वराच्या पडक्या देवळापाशी रेंगाळता येते, रामतीर्थाच्या टेकडीवरही जाता येते. बहुतेक लोक इथूनच माघारी फिरतात. आणि माझी तक्रार इथेच आहे. आपण पाहतो ती हलशी बाराव्या शतकातली. तिच्याही सातशे वर्षे आधीची हलशी अक्षरांत आहे आणि ती अक्षरे दगडावर नाहीत, तांब्यावर आहेत.

एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर, नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळच्या मातीच्या टेकाडात कदंबांचे ताम्रपट सापडले. मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या जे. एफ. फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. संस्कृतातले हे पत्रे एकामागून एक वाचत गेले की एका घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट उलगडते. काकुस्थवर्मा अजून युवराज असताना श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने त्याचा जीव वाचवला. त्याची परतफेड म्हणून युवराजाने खेट गावातले एक शेत त्याला दिले. पुढे रविवर्म्याच्या ताम्रपटात त्याच खेट गावाचा मागोवा येतो: श्रुतकीर्ती वारल्यावर ते दामकीर्तीच्या आईकडे गेले, मग त्या घरातला जयकीर्ती राजाचा प्रतिहार झाला. राजांच्या दानपत्रांत एका नोकरदार घराची अशी वंशावळ सापडावी, हे मला पेर्माडीच्या देवळाइतकेच मोलाचे वाटते.

काकुस्थाचा नातू मृगेशवर्मा याने वडिलांच्या पुण्यार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि 33 निवर्तने जमीन तोडून दिली. दान घेणारे तीन पंथांचे होते: यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक. यांतले यापनीय विलक्षण. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला मोक्ष मिळू शकतो ही श्वेतांबरांची भूमिका मान्य करत. हा पंथ पुढे नाहीसा झाला. आज बेळगाव परिसरात जैन शेतकऱ्यांची गावेच्या गावे आहेत. त्यांच्या भूमीचा इतका जुना लेखी पुरावा हलशीच्या मातीतून निघाला.

आठवावे असे एक वाक्य रविवर्म्याच्या पत्र्यात आहे. पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांना जेवण मिळावे, अशी आज्ञा. खानापूरचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला या चार महिन्यांच्या तरतुदीमागची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

जॉर्डनमधल्या पेत्राशी, नबाती लोकांच्या त्या राजधानीशी, हलशीची तुलना माझ्या मनात नेहमी येते. इ. स. 106 मध्ये रोमने ते राज्य गिळले. डोंगर कोरून काढलेल्या त्यांच्या वास्तू जगभरचे लोक पाहायला जातात, पण नबात्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास हाती आलेला नाही. त्यांच्याबद्दल बरेचसे ग्रीक-रोमन लेखकांकडून कळते. हलशीचे उलटे झाले. कुणी, कुणाला, कशासाठी आणि किती दिले, हे सगळे लिहिलेले आहे. मृगेशाचे जिनालय मात्र कुठे बोट ठेवून दाखवावे, असा प्रश्न आहे.

म्हणून एक आग्रह आहे. या ताम्रपटांचे मराठी आणि कन्नड भाषांतर मोठ्या अक्षरांत हलशीतच, देवळाच्या वाटेवर लागायला हवे. श्रुतकीर्तीचे शेत, 33 निवर्तने, कार्तिकातला उत्सव, सगळे. सहलीला आलेल्या नंदगडच्या किंवा गुंजीच्या शाळकरी पोरांनी ते उभ्या उभ्या वाचावे, आणि मग चक्रतीर्थ कुठे आहे ते विचारावे.