अकाली जन्मलेल्या अर्भकाचा श्वास

मातेच्या उदरांत मूल सुमारें ४० आठवडे राहतें. पण त्या सर्व काळांत त्याला स्वतः श्वास घेण्याचें कारण पडत नाहीं. लागणारा प्राणवायु मातेच्या रक्तांतून नाळेच्या वाटेनें येतो. फुप्फुसांचें खरें काम सुरू होतें तें जन्माच्या क्षणीं. म्हणून जें मूल २६ किंवा २७ आठवड्यांतच जगांत येतें, त्याची पहिली झुंज श्वासासाठींच असते.

अशा अर्भकाच्या फुप्फुसांत दोन उणिवा असतात. वायुकोशांच्या आंतून जो स्निग्ध द्रवाचा पातळ थर असावा लागतो, तो पुरेसा झालेला नसतो. ओल्या कांचा एकमेकींस चिकटल्या म्हणजे त्या सोडविणें जसें कठीण, तसेंच उच्छ्वासाबरोबर मिटलेले हे कोश पुन्हां उघडणें कठीण. १९५९ सालीं अमेरिकेंतील मेरी एलन एव्हरी व जेरी मीड यांनीं हें कारण दाखवून दिलें. दुसरी उणीव अशी, कीं मुळांत वायुकोशच थोडे असतात. कारण त्यांतील बहुतेक गर्भवासाच्या अखेरीस व जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात.

१९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक असाच अकाली जन्मला, आणि दोन दिवसांच्या आंतच दगावला. पुढें श्वासयंत्रांच्या साहाय्यानें अशीं मुलें वांचूं लागलीं. परंतु तारणारा उपायच कांहींना बाधला. यंत्राचा दाब आणि प्राणवायूचें मोठें प्रमाण यांमुळें कोवळीं फुप्फुसें सुजत व त्यांत वण पडत. १९६७ सालीं स्टॅनफर्ड येथील विल्यम नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा ३२ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि या जुनाट विकारास 'ब्राँकोपल्मोनरी डिस्प्लेशिया' हें नांव दिलें. गर्भाचें वय धरून ३६ आठवडे पुरे झाले तरी मुलाचा प्राणवायु सुटत नसेल, तर सामान्यतः हा विकार जडला असें समजतात.

मग प्राणवायु कमीच द्यावा काय? तसेंहि करतां येत नाहीं. तो फार कमी पडला तर जीव जातो. फार झाला तर फुप्फुसांबरोबर डोळ्यांसहि अपाय होतो. म्हणून रक्तांतील प्राणवायु अहोरात्र मोजून मात्रा ठरवितात.

प्रतिबंधाचे उपायहि निघाले आहेत. अकाली प्रसूतीचें भय असल्यास मातेस स्टिरॉइडचें इंजेक्शन देतात. त्यानें गर्भाचीं फुप्फुसें लवकर परिपक्व होतात, हें न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनीं १९७२ सालीं दाखविलें. स्निग्ध द्रव बाहेरून श्वासनलिकेंत सोडण्याची युक्ति जपानच्या फुजिवारा यांनीं १९८० सालीं यशस्वी केली. शक्य तेथें नळी न घालतां नाकावाटे हलक्या दाबानें हवा देतात. आणि नवल असें, कीं कॉफींतलें कॅफीन औषध म्हणून दिल्यास चुकणारा श्वास सुधारतो व या विकाराचें प्रमाणहि घटतें.

इतकें होऊनहि कांहीं मुलें हा विकार घेऊनच घरीं येतात. तेथून पुढची राखण घरच्या माणसांची. घरांत कोणी विडी-सिगारेट ओढूं नये, चुलीचा वा उदबत्तीचा धूर मुलाजवळ येऊं देऊं नये. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्यानें, तो कितीहि जवळचा असला तरी, मुलास घेऊं नये. आईचें दूध आणि वेळच्या वेळीं लस यांत हयगय नसावी. फुप्फुसें अद्याप वाढत असतात, नवे वायुकोश होत असतात. पुष्कळ मुलांचा प्राणवायु कांहीं महिन्यांत सुटतो. त्या वाढीला अवधि मिळवून देणें, हेंच घरच्या शुश्रूषेचें काम होय.