आठ जोड्या चित्रं आणि थोडीशी लाळ

मुलासमोर दोन चित्रं ठेवायची. एकातलं मूल खुशीत, दुसऱ्यातलं घाबरलेलं. दातांच्या डॉक्टरांकडे आलेल्या चार वर्षांच्या मुलाला एवढंच विचारायचं: आत्ता तुला यातल्या कुणासारखं वाटतंय? अशा आठ जोड्या. घाबरलेल्या चित्रावर बोट पडलं की एक गुण. शून्य ते आठ. १९७०च्या दशकातली ही व्हेनहॅम चित्रचाचणी उरकायला एक-दोन मिनिटं पुरतात. ज्याला आपल्या पोटातला गोळा शब्दांत सांगता येत नाही, ते मूल बोटाने तो सांगून टाकतं! मला तर हे फार विलक्षण वाटतं.

पुढे २००२मध्ये पाच चेहऱ्यांची पट्टी आली, खूप हसऱ्यापासून खूप रडव्यापर्यंत. भारतातल्या बालदंतवैद्यांनी २०१५मध्ये रेखाटनांऐवजी खऱ्या मुलांचे फोटो वापरले, मुलींसाठी मुलीचे आणि मुलांसाठी मुलाचे.

मुलाला काहीच न विचारता नुसतं त्याच्याकडे बघण्याचीही रीत आहे. १९६२मध्ये फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी वागणुकीचे चार वर्ग केले. एका टोकाला तोंड घट्ट मिटून रडणारं, हात झटकणारं मूल. दुसऱ्या टोकाला डॉक्टरांशी मजेत गप्पा मारणारं. आजही ही पद्धत जगभर वापरली जाते. पण ती मोजते ते सहकार्य. आई-बाबांचा शब्द राखायचा म्हणून खुर्चीचे हात गच्च धरून निमूट तोंड उघडणारं मूल इथे चांगले गुण मिळवतं आणि त्याची भीती कुणाच्या नोंदीत येत नाही. माझा जीव याच मुलासाठी तुटतो.

शरीर मात्र गप्प बसत नाही. नाडी वाढते, तळव्यांना घाम येतो. अर्थात नाडीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, कारण दाढ बधिर करण्याच्या इंजेक्शनात अनेकदा अ‍ॅड्रेनालिन असतं आणि त्यानेही नाडी वाढू शकते. म्हणून संशोधक लाळेकडे वळले. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढतं आणि तिथून लाळेत झिरपतं. मुलाला सुई न टोचता भीतीची खूण हाती लागते! फक्त ती उशिरा पोचते. लाळेतलं कॉर्टिसॉल साधारण वीस ते तीस मिनिटांनी कळसाला जातं, म्हणजे उपचारानंतर घेतलेली लाळ मघाच्या क्षणाबद्दल सांगत असते. शिवाय सकाळी उठल्यावर ते मुळातच जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, त्यामुळे सकाळच्या मुलाची संध्याकाळच्या मुलाशी तुलना करता येत नाही. लाळेतलंच अमायलेज हे विकर त्याहून चपळ, ते काही मिनिटांतच वाढतं.

बोट, वागणूक आणि लाळ यांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत. त्यामुळे संशोधनात यांतली दोन-तीन मापं एकत्र घेतली जातात.

मोठ्यांवर झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगाने तर मापनाची आणखी एक ताकद दाखवली. सगळ्यांनी भीतीची छोटी प्रश्नावली भरली. काहींची ती डॉक्टरांच्या हाती दिली गेली, बाकीच्यांची नाही. ज्यांच्या डॉक्टरांना आकडा कळला, त्या रुग्णांची घालमेल भेटीनंतर अधिक उतरली होती.