कुऱ्हाड न लावताही मरतं कांदळवन

जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं, मेळघाट येतं, फार तर आंबोली. मुंब्रा, पनवेल, उरण किंवा खाली दाभोळ-जयगडच्या खाडीकाठी राहणाऱ्यांच्या घरामागेच चिखलात एक जंगल उभं आहे, पण त्याला आपण जंगल म्हणत नाही. ‘मागची खारफुटी’ म्हणतो. डासांची जागा, कचरा टाकायची जागा. खरं तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०२१च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे, आणि २०२०मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला ‘राज्य कांदळवृक्ष’ असा मानही दिला आहे.

ही झाडं जगतात कशी, हे कळलं की ती मरतात कशी हेही कळतं.

खाडीच्या चिखलात हवा जवळपास नसते. त्यामुळे तिवराची मुळं खालून वर येतात, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी, आणि ओहोटी लागली की उघड्यावर श्वास घेतात. कांदळ दुसरी युक्ती करतो. तो खोडापासून कमानीसारखी मुळं काढतो आणि त्यांच्या आधाराने उभा राहतो. त्याचं बी तर झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब कोंब लटकत राहतो, मग सुटून चिखलात उभा रुततो नाहीतर पाण्याबरोबर दुसरी जागा शोधायला निघतो. तिवराचं पान चाटून पाहा, खारट लागेल. नको असलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं.

खाली पडलेली पानं खेकडे खातात, उरलेली कुजतात. त्या कुजलेल्या पाल्यावर कोळंबीची पिल्लं वाढतात आणि मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून लपतात. जिताडा, बोय, चिंबोरी, निवटी, कालवं ही खाडीची सगळी कमाई या चिखलाशी बांधलेली आहे. कोळी, खारवी, भोई असोत की रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान, कांदळवन गेलं की त्याची झळ पहिल्यांदा त्यांच्या जाळ्याला बसते.

या साऱ्याचा मेळ बसतो तो दिवसातून दोनदा येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावर. भरती अन्न, बी आणि गाळ आणते. ओहोटी मुळांना श्वास देते. म्हणून कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही. पाणी अडवलं की पुरे.

भराव आधी, ‘पडीक जमीन’ नंतर

हे घडतं अगदी साध्या पद्धतीने. कडेला रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे होतात. मातीचा कच्चा रस्ता निघतो, पण त्याखाली मोरी ठेवली जात नाही. कुठे एखादा बांध घातला जातो. पलीकडे भरतीचं पाणी पोचत नाही, किंवा आत शिरलेलं बाहेर पडत नाही. पाणी कायमचं साचलं तर श्वास घेणारी मुळं बुडून गुदमरतात. आलंच नाही तर चिखल सुकून त्यातलं मीठ वाढत जातं. हळूहळू झाडं करडी पडून वाळतात. एकही झाड कुणी तोडलेलं नसतं! मग कुणीतरी कागद पुढे करतं, ‘इथे कांदळवन नाहीच, ही पडीक जमीन आहे.’

कायदा कमी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये राज्यभर कांदळतोडीला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला. कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामही करता येत नाही. वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२पासून आहे. तरीही मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांना परवानगी मिळते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार झाडं तोडायला डिसेंबर २०२२मध्ये न्यायालयाने मान्यता दिली. बदल्यात पाचपट लावण्याचं आश्वासन होतं.

आम्हाला हा पाचपटीचा हिशेब पटत नाही. रोपं मोजता येतात, भरती-ओहोटी मोजून लावता येत नाही. जिथे कांदळ आपोआप उगवत नाही, तिथे बहुतेकदा पाण्याचं किंवा चिखलाच्या उंचीचं गणित जुळत नसतं. तिथे रोपं लावली तर बरीचशी मरतात. उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर लावली तर रोहित पक्ष्यांची चरण्याची जागाच जाते. त्यापेक्षा अडलेलं पाणी मोकळं करून दिलं आणि जवळपास जुनी झाडं असली, तर बी स्वतःच येऊन रुजतं. खर्चही कमी.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. पेण, अलिबाग, उरणकडच्या खारेपाटात समुद्राचं पाणी अडवूनच पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला. तिथली खारबंदिस्ती फुटली, उघाडी मोडली आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही, की उधाणाचं पाणी शेतात शिरतं. काही वर्षांत तिथे कांदळ उगवतं आणि मग कायद्याने त्याला हात लावता येत नाही. त्या शेतकऱ्याचा राग कांदळावर नसतो, बांध दुरुस्त न करणाऱ्यांवर असतो. त्याला निसर्गाचा शत्रू ठरवणं अन्यायाचं होईल.

लोकांना सोबत घेतल्याचा फायदा पाहायचा तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत जावं. तिथल्या बचत गटाच्या महिला होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि त्यातून चार पैसे कमावतात. जे जंगल कमाई देतं, त्यावर डोळेही जास्त असतात.

तुमच्या खाडीत पाणी अडलेलं दिसलं तर कांदळवन कक्षाकडे किंवा तहसीलदारांकडे तक्रार करता येते. फोटो एकाच जागेवरून दोनदा काढा, एक भरतीला आणि एक ओहोटीला, तारीख-वेळेसह. आणि पाहणीला येणाऱ्यांना भरतीची वेळ कळवून बोलवा. ओहोटीला आले तर त्यांना सगळीच खाडी कोरडी दिसेल.