माळवदाखालचा पाषाण

मराठवाड्यात विहीर खणणाऱ्याला भूगर्भशास्त्र शिकवावे लागत नाही. माती संपली की मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच सच्छिद्र मांजऱ्या, पुन्हा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे हे एकावर एक थर. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पोट घट्ट. कुठे दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत आधीचा खडक झिजायला वेळ मिळाला, त्याची ती खूण.

हे सारे किती जाड? कोयनेजवळ छिद्र घेतले तेव्हा बेसॉल्ट सुमारे ९३० मीटरवर संपला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत ३३८ मीटरवरच. पूर्वेला नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे तर तो विरूनच जातो आणि ग्रॅनाइटचे गोल धोंडे उघडे पडतात. देगलूरला हात लावून पाहता येतो, त्याच प्राचीन कुळातला खडक किल्लारीच्या बेसॉल्टखाली दडलेला आहे. दोहोंच्या मध्ये ८ मीटर गाळ आहे. लाव्हा येण्यापूर्वीची जमीन ती. मला या सगळ्यात तो गाळच सर्वांत विलक्षण वाटतो.

ही जमीन अढळ मानली जाई. भूकंपाच्या जुन्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. धक्क्याचा उगम बेसॉल्टच्या खाली, काही किलोमीटरवर, त्या जुन्या खडकातच होता. वरच्या पाषाणाला दोष देता येत नाही.

तरीही माणसे मेली ती पाषाणाखालीच. जाड भिंती काळ्या दगडाच्या, पण मातीत रचलेल्या. आतली आणि बाहेरची अशा दोन पाठी, मध्ये दगडगोट्यांची भर. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात असे घर गार राहते, मजबूतही दिसते. पण आडवा हादरा बसला की दोन पाठी एकमेकींपासून सुटतात, भर ओघळते आणि टनावारी माती झोपलेल्यांवर येते. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवले, तर दोन्ही पाठी एकत्र बांधल्या जातात. माळवदावरची माती कमी केली, तर भार हलका होतो. भूकंपानंतर जुन्या घरांसाठी हेच उपाय सांगितले गेले. पावसाळ्यात माळवद गळले की आणखी माती टाकायची, ही सवय मात्र त्याच्या नेमकी उलट आहे.