इंग्रजी शब्दकुलांतील स्पेलिंगची विसंगती : स्वरूप, कारणे व अध्यापन

प्रस्तावना :
इंग्रजी स्पेलिंग उच्चारानुसारी नाही, ही तक्रार जुनी आहे. मात्र उच्चार हा एकच निकष लावल्यास या लेखनपद्धतीचे दुसरे कार्य दुर्लक्षित राहते. एका मुळापासून निघालेल्या शब्दांचे नाते डोळ्यांना दिसावे, हे ते कार्य होय. ते कोठे साधते व कोठे फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाते जपणारे लेखन :
'साइन' (सही) या शब्दातील 'जी' हे अक्षर मूक आहे. 'सिग्नेचर' व 'सिग्नल' यांत ते स्पष्ट ऐकू येते. 'टू' (दोन) मधील निरुपयोगी वाटणारा 'डब्ल्यू' 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह' व 'ट्वेंटी' यांत उच्चारला जातो. 'डिव्हाइन' व 'डिव्हिनिटी' यांतील दुसरा स्वर उच्चारात भिन्न, परंतु लेखनात दोन्हीकडे 'आय' हेच अक्षर आहे. सुमारे 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय सुरू केल्यानंतर लेखन हळूहळू स्थिर होत गेले. उच्चार मात्र पुढे सरकत राहिला. नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी तर 1968 च्या आपल्या ग्रंथात रूढ इंग्रजी लेखन हे आदर्श व्यवस्थेच्या बरेच जवळ असल्याचे मत मांडले.

नाते तोडणारे लेखन :
याउलट उदाहरणेही विपुल आहेत. 'रिसेप्शन', 'डिसेप्शन' व 'कन्सेप्शन' या तिन्ही शब्दांत 'पी' आहे. त्यांचे सगोत्र 'रिसीट' (पावती), 'डिसीट' (कपट) व 'कन्सीट' (अहंकार) यांपैकी केवळ 'रिसीट'मध्ये तो, तोही मूक, आढळतो. हे शब्द फ्रेंचमधून आले. लॅटिन मूळ दर्शविण्यासाठी विद्वानांनी त्यांत 'पी' घातला, पण तो एकाच शब्दात टिकला. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत ही विसंगती स्वतः नमूद केली आणि बहुसंख्यांच्या रूढीपुढे मान तुकवली.

'डेट' (ऋण) मधील 'बी' असाच लॅटिनच्या आधारे घातलेला आहे. त्यामुळे 'डेबिट'शी असलेले खरे नाते तरी दिसते. 'आयलंड' (बेट) मधील 'एस' मात्र खोट्या नात्याचा पुरावा आहे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतील असून, लॅटिनोद्भव 'आइल'च्या प्रभावाने त्यात 'एस' शिरला. 'स्पीक' व 'स्पीच' यांत एकच स्वर दोन प्रकारे लिहिला जातो. 'फोर' व 'फोर्टीन' यांतील 'यू' 'फॉर्टी'मध्ये गळतो. अशा ठिकाणी नियम नव्हे, केवळ रूढी प्रमाण ठरते.

अध्यापनातील उपयोग :
मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी स्पेलिंग एकेक शब्द सुटा घेऊन पाठ करतो आणि चुकल्यास दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. 'साइन'बरोबरच 'सिग्नल' शिकविल्यास मूक अक्षराला आधार मिळतो. 'रिसीट'सारख्या अपवादाचा इतिहास सांगितल्यास दोष त्याच्याकडे नाही, हे त्यास उमगते. मराठीतही 'कवी' दीर्घ, तर 'कविता' व 'कविसंमेलन' ऱ्हस्व लिहिले जाते. उच्चार व व्युत्पत्ती यांतील हा ताण त्याच्या परिचयाचाच आहे.

समारोप :
इंग्रजी स्पेलिंग सर्वस्वी नियमबद्ध नाही, तसेच सर्वस्वी स्वैरही नाही. सुट्या शब्दाऐवजी शब्दकुल हा अध्यापनाचा घटक मानल्यास पाठांतराचा भार हलका होईल आणि जे अपवाद खरोखर पाठ करावे लागतात, ते वेगळे ओळखता येतील.